आप्पांचं झेरॉक्स दुकान: फाइल उत्तम, एच-इंडेक्स मात्र निम्म्याच्या खाली

जळगावात गोलाणी मार्केटच्या मागच्या अंगाला झेरॉक्सची चार-पाच दुकानं आहेत. त्यातलं ज्याच्या पाटीवर मालकाचं नाव नाही, नुसतं 'झेरॉक्स, टायपिंग, बायडिंग' लिहिलंय (अनुस्वार उन्हाने उडाला), ते आप्पांचं. मी ह्या दुकानात २००६ पासून जाते. तेव्हा एक मशीन होतं, आता तीन आहेत. तिसरं चालत नाही, त्यावर माठ ठेवलाय.

मी एका सीनियर कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवते, विषय नेटवर्किंग. यंदा प्रोफेसरपदासाठी फाइल द्यायची होती. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे किमान १० पेपर लागतात, त्यातले ३ मूल्यमापनाच्या काळातले, आणि एकूण रिसर्च स्कोअर ११०. म्हणजे प्रत्येक पेपरचं पहिलं पान, नियतकालिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक), हे सगळं लावून तीन सेट. त्या तक्त्यात सायटेशनला, म्हणजे आपल्या पेपरचा दाखला दुसऱ्यांनी किती वेळा दिला ह्याला, एकही गुण नाही. तरी मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक फाइलीचं पहिलं पान तेच असतं: गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलचा रंगीत प्रिंट, उजवीकडे वर्षागणिक सायटेशनचे करडे दांडे. लग्नात आहेराची पाकिटं उघडायच्या आधी मंडप दाखवतात, तसं.

तर मे महिन्यातल्या एका दुपारी पिशवीत चौदा पेपर आणि पेन ड्राइव्हवर प्रोफाइल घेऊन गेले. कुलर होता, पण तो आप्पांच्या मशीनकडे तोंड करून. गिऱ्हाइकाला घाम, मशीनला हवा. कारण विचारलं तर म्हणतात, मशीन तापलं तर पान गुंडाळतं, माणूस तापला तर नुसता बोलतो.

ह्या दुकानाची खासियत ही की आप्पा दिलेलं काम नुसतं छापत नाहीत, जुळवून बघतात. यादीचा क्रमांक आणि हातातला गठ्ठा, एकेक करून, पेन्सिलीने टिक करत. बाकीच्या दुकानांत पोरं कानात वायर घालून दोनशे पानं काढून देतात आणि घरी आल्यावर कळतं की पान ४७ दोनदा आलंय नि ४८ नाहीच. इथे तसं होत नाही. आप्पांनी टिक करायला घेतलं आणि पाचव्या मिनिटाला थांबले.

"ताई, यादीमा ३८ शेतस आन् पिशवीमा १४."

मी म्हटलं, बाकीचे नंतर आणते. (हे मी का म्हटलं, मला आजही सांगता येत नाही.)

"आणि पिशवीमातला तीन यादीमा नहीतच," आप्पा म्हणाले. मग चष्मा वर करून स्क्रीनवर बोट ठेवलं. "हाई केळीना करपावर तुम्ही कवय लिखं? मन्ही अडावदले बाग शे, गह्यरा तरास शे करपाना. माले काही सांगं नही तुम्ही."

मी वाकून पाहिलं. माझ्या नावाखाली, माझ्या फोटोशेजारी, केळीवरच्या करप्याचा पेपर. त्याखाली कापसावरची गुलाबी बोंडअळी. त्याखाली तापी खोऱ्यातलं भूजल. आणि आणखी खाली दातांच्या सिमेंटबद्दल काहीतरी, त्यालाच सगळ्यात जास्त सायटेशन.

ह्यात चूक सर्वस्वी माझी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रोफाइल नव्याने बनवली होती. ती बनवताना संगणक नावावरून लेखांचे गठ्ठे दाखवतो आणि विचारतो, हे तुमचे का? एकेक वाचून हो-नाही म्हणायचं असतं. मी फराळाचं आटपून बसले होते, सगळ्या गठ्ठ्यांवर टिचक्या मारल्या आणि झोपले. आता मी पाटील. खान्देशात दगड मारला तर पाटलाला लागतो, आणि त्या पाटलांत माझ्याच आद्याक्षरांचे किती निघतील ह्याचा विचार करायला हवा होता. नवे लेख आपोआप चिकटू द्यायचे की आधी मेलवर विचारायचं, अशीही एक निवड तिथे असते. मी आपोआपवाली केली होती.

आणि खोटं कशाला बोलू, एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशनवरून निघणारा आकडा, १२ बघून मला संशय आला होता. आला आणि गेला. तोच १२ कॉलेजच्या वार्षिक तक्त्यात भरून दिला, स्टाफरूममध्ये दोघांनी अभिनंदनही केलं, आणि मी ते घेतलं.

मग आप्पांच्या लोखंडी स्टुलावर बसून दोन तास साफसफाई. दुकानातलं इंटरनेट वापरू दिलं, त्याचे पैसे लावले नाहीत. २७ परके लेख काढले. उरले ११. दर वेळी एक काढला की दांडे थोडे बुटके होत होते. आप्पा शेजारून बघत होते आणि मधूनच 'हाई बी जाई का?' विचारत होते, जणू मी घरातलं सामान विकायला काढलंय.

पिशवीतले यादीत नसलेले तीन म्हणजे माझे लग्नाआधीचे, २००६ ते २००८ मधले, चौधरी आडनावाने छापलेले. संगणकाच्या लेखी चौधरी नावाची एक मुलगी २००८ साली संशोधन सोडून गेली आणि त्याच वर्षी पाटील नावाची एक बाई कुठूनशी उगवली. हे फक्त माझं नाही, आमच्या पिढीच्या निम्म्या बायकांचं रेकॉर्ड असं दुभंगलेलं आहे. पुरुषांना हे समजावून सांगावं लागतं. उपाय आहे, ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक. तो २०१२ पासून फुकट मिळतो आणि आडनाव बदललं तरी बदलत नाही. मी तो २०२१ मध्ये घेतला आणि त्यात काहीच भरलं नाही. ते तीन पेपर त्या दुपारी हाताने जोडले.

सगळं झाल्यावर एच-इंडेक्स ५.

आप्पांनी विचारलं, हा आकडा म्हणजे काय. मी शिक्षिका, त्यामुळे खुश झाले. म्हटलं, २००५ साली होर्हे हर्श नावाच्या अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने काढलेली ही मोजणी. तुमच्या बागेतले केळीचे घड ओळीने लावा, मोठा आधी, लहान नंतर. पहिल्या घडाला किती फण्या, दुसऱ्याला किती, मोजत चला. पाचव्या घडाला निदान पाच फण्या आहेत, पण सहाव्याला सहा नाहीत, चारच आहेत. तर तुमचा आकडा ५. माझे घड असे: ५८, १७, ९, ६, ५, ४, २, १, १, आणि पाच घडांना काहीच नाही.

आप्पांनी लगेच पकडलं. "म्हंजे पहिला घड ५८चा असो का ५००चा, आकडा ५च?"

"पाचच."

"मंग व्यापारी बरा. तो वजन तरी करस."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. पण रांगेत भौतिकशास्त्राचे एक सर उभे होते, ते म्हणाले, "पाच चांगला आहे हो, नेटवर्किंगवाल्यांना." हा ह्या दुकानाचा मोठा दोष. आप्पांचा आवाज पहाडी आहे, आणि दुकान आठ बाय दहा. तुमचा एच-इंडेक्स, तुमचा पगार, तुमच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतल्या चुका, सगळं सगळ्यांना कळतं. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी सकाळी दहाच्या आत जावं.

आता तो ५८चा घड. तो माझा २०१२ मधला सर्व्हे, म्हणजे आधीच्या कामांचा आढावा: टॉवरशिवाय एकमेकांशी जोडलेल्या फिरत्या यंत्रांच्या नेटवर्कमध्ये मार्ग शोधायच्या रीती, एओडीव्ही, डीएसआर, डीएसडीव्ही, कोणती कुठे बरी. त्यात नवीन काहीही नाही. एओडीव्ही मांडली पर्किन्स आणि रॉयर ह्यांनी १९९९ मध्ये. मी एनएस-टू ह्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे नेटवर्कची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ५० नोड (जाळ्यातली यंत्रं) सोडले, आलेख काढले, आणि तीन हजार रुपये भरून एका नियतकालिकात छापलं. दोन दिवसांत स्वीकृती आली. तेव्हा मी त्याला कार्यक्षमता समजले होते. पण सर्व्हेचं असं असतं की एम.एस्सी.च्या मुलांना प्रस्तावनेत एक ओळ हवी असते, 'ह्या रीतींची तुलना अनेकांनी केली आहे', आणि त्या 'अनेकां'मध्ये मी बसते. मोठ्यांचंही तेच आहे. सेन्सर नेटवर्कवरचा अक्यिल्दिझ आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला सर्व्हे उघडून न पाहता दाखल्यात टाकणारे मी स्वतः तपासलेत, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत. दुसऱ्या घडातल्या १७ पैकी ६ सायटेशन माझ्याच नंतरच्या पेपरांची आणि माझ्या विद्यार्थ्यांची आहेत. स्कोपस ह्या दुसऱ्या सूचीत बघितलं तर हेच एकूण १०३ सायटेशन २१ होतात आणि ५चे ३ होतात, कारण तिथे निवडक नियतकालिकंच मोजतात. स्कोपसचा प्रिंट मी लावला नाही.

अडचण अशी की त्या सर्व्हेच्या नियतकालिकाचं संकेतस्थळच आता नाही. पत्ता टाकला की रमीची जाहिरात येते. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका आणायची कुठून? पेपर आहे, छापला होता, ५८ जण दाखला देतात, पण ज्या घरात तो जन्मला ते घर पडलंय.

इथे आप्पांना एक तारा नाही, दोन द्यायला हवेत. त्यांनी टेबलाखालून बुटाच्या खोक्यात ठेवलेली जुनी हार्ड डिस्क काढली. २०१४ मध्ये माझ्या पीएच.डी.च्या वेळी हाच पेपर, मुखपृष्ठासकट, त्यांनीच छापला होता. वर्षाप्रमाणे फोल्डर, त्यात तालुका, त्यात आडनाव. 'चोपडा, पाटील (चौधरी)' असं लिहिलेलं. कंसात माहेर! अनुराग आचार्य खरगपूर आयआयटीतून शिकून गेले आणि सहकाऱ्याबरोबर २००४ मध्ये गूगल स्कॉलर उभं केलं, जगभरचे लेख त्यात सापडतात. पण चौधरी आणि पाटील ही एकच बाई हे गोलाणीमागच्या खोक्यात आधीपासून नोंदलेलं होतं.

(त्याच डिस्कवर जिल्ह्यातल्या किती जणांचे प्रबंध पडून असतील, ह्या विचाराने नंतर जरा धसका बसला. आप्पांना म्हटलं, निदान पासवर्ड तरी लावा. म्हणाले, लावलाय, त्यावरच चिकटवलाय.)

तीन सेट निघेपर्यंत लाइट गेली. यूपीएसवर एकच मशीन चालतं, त्यामुळे वेळ लागला आणि गप्पा झाल्या. आप्पांनी विचारलं, ताई, तुमचा विषय नेमका काय? मी त्यांना बांभोरीचा गिरणेवरचा पूल सांगितला. समोरून गाड्या आल्या की प्रत्येक जण नाक घुसवतो आणि मग कोणीच हलत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये इंटरनेटचं हेच झालं. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कलीचं विद्यापीठ, मध्ये अंतर ४०० यार्ड, हाकेवरचं. सेकंदाला ३२ हजार बिट नेणारी वाट ४० बिटांवर आली. व्हॅन जेकबसन ह्यांनी कारण शोधलं: वाटेत माहितीचं पाकीट हरवलं की प्रत्येक यंत्र घाईने परत पाठवायचं, त्याने गर्दी आणखी वाढायची. उपाय असा की पोच येत राहिली तर थोडा थोडा वेग वाढव, पोच आली नाही तर झटकन हात आखड. पोलीस लागत नाही, प्रत्येकाने आपापला ब्रेक दाबायचा. हा पेपर त्यांनी १९८८ मध्ये सिगकॉम परिषदेत मांडला.

"त्याले कितला सायटेशन शेतस?" हा माणूस आता शिकला होता.

हजारोंनी, म्हटलं. पण खरं तर आणखी हवेत. १९८९च्या आरएफसी ११२२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं हे लिहिलेला कागद) ती रीत इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला सक्तीची झाली. तुमच्या ह्या कॉम्प्युटरमध्येही आहे आणि मोबाइलमध्येही. जे रक्तात गेलं त्याचा दाखला कोण देतं? आमच्याकडे भाकरी थापताना कोणी सांगत नाही ही कुणाकडून शिकले.

मग मी गंमत म्हणून तो पेपर यूजीसीच्या तक्त्यात बसवून दाखवला. विज्ञान शाखेत नियतकालिकातल्या पेपरला ८ गुण. परिषदेत वाचलेल्याला, परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असला तरी, ७. आमच्या विषयात उत्तम काम आधी परिषदेतच येतं, सिगकॉम, इन्फोकॉम, एनएसडीआय. तिथे पेपर घेतला जाणं हेच कठीण. पण तक्ता सगळ्या विज्ञानांसाठी एकच. म्हणजे इंटरनेट वाचवणाऱ्या पेपरला ७ आणि माझ्या तीन हजारांच्या सर्व्हेला ८. शिवाय मी त्याची एकटीच लेखिका, त्यामुळे वाटणी नाही. तीन लेखक असते तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. आणि आरएफसी ह्या कागदासाठी तक्त्यात रकानाच नाही.

आप्पांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "केअर गई म्हणे. आते बठ्ठं कॉलेजना हातमा." खरंच, यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. मला हे परिपत्रकातून कळलं, आप्पांना त्यांच्या गल्ल्यातून. केअर यादीचं पान छापायला येणारी मंडळी एकदम थांबली. त्याच सुमारास 'सात दिवसांत पेपर छापून' असली पत्रकं ठेवायला एक जण आला होता, आप्पांनी ठेवू दिली नाहीत. नीतिमत्ता वगैरे नाही, काउंटरवर जागा नाही म्हणाले. मी तरी त्याचे गुण देते.

आता दुकानाच्या चुका. अनुक्रमणिका टाइप करायला दिली होती. सेन्सर नेटवर्कचं सगळीकडे 'सेन्सॉर नेटवर्क' झालं, तिन्ही सेटांत. परत टाइप करून दिलं, पण मी पकडल्यावर. माझ्या प्रबंधाचा विषय लीच ह्या रीतीचा एक प्रकार. लीच म्हणजे शेतात-रानात टाकलेल्या सेन्सरांनी आळीपाळीने मुकादम व्हायचं, म्हणजे एकाचीच बॅटरी संपत नाही. हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन ह्यांनी ती २००० मध्ये मांडली. त्यातले हरी बालकृष्णन जन्माने नागपूरचे, २०२३चं मार्कोनी पारितोषिक त्यांना मिळालं. ह्या लीचला देशभरच्या पीएच.डी.वाल्यांनी आपापली शेपटं लावली, त्यातलं एक माझं. आप्पांना ते नाव जळूचं (इंग्रजीत लीच) वाटलं आणि त्यांनी अनुक्रमणिकेत शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. ते मात्र मी तसंच ठेवावं असं क्षणभर वाटलं होतं.

स्पायरल घट्ट बसतं, पानं मोकळी होत नाहीत. रंगीत प्रिंट किंचित हिरवट येतो. हिशोब असा: एका सेटची २१२ पानं, तीन सेट, दीड रुपयाने ९५४. तीन स्पायरल ७० प्रमाणे २१०. नऊ रंगीत पानं ९०. टायपिंग चार पानं १२०. झाले १३७४, घेतले १३५०. कॉलेजात दुसऱ्या दिवशी १२चे ५ करून द्यावे म्हणून अर्ज लिहिला, तोही आप्पांनीच टाइप केला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

गठ्ठा बांधताना त्यांनी एक पेपर बाजूला काढला आणि त्याची जादा प्रत मशीनवर टाकली. अकराव्या क्रमांकाचा, शून्य सायटेशनवाला. केळीच्या बागेत ओलावा मोजणारे सेन्सर लावले होते त्याबद्दलचा. केळीच्या पानात पाणी फार, नोडांची २.४ गिगाहर्ट्झची रेडिओ लहर त्यात मुरते. लागवडीच्या वेळी एकमेकांना खणखणीत ऐकू येणारे नोड बाग डोक्यावर गेली की मुके होतात. मग ते कुठे, किती उंचीवर बांधायचे, एवढाच त्या पेपरचा विषय. चार पानं.

"हाई तरी तुम्हनंच शे ना?" आप्पांनी विचारलं.

माझाच, म्हटलं.

त्यांनी ती चार पानं घडी करून खिशात घातली. त्याचे सहा रुपये बिलात नव्हते, मी वर पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढच्या पंधरवड्यात अडावदला जायचं ठरलंय, ठिबकची लाइन जिथे वळते तिथे ओलावा कळत नाही म्हणतात. इंग्रजी पेपर वाचून त्यांना समजत नाही, पण आकृती तीन बरोबर ओळखली.

चार तारे. पाचवा आवाजासाठी कापला. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, पण शटर अर्धं वर असेल तर वाकून हाक मारावी. गाडी मार्केटच्या पुढच्या बाजूला लावावी, मागे उचलून नेतात. आणि आपली यादी घरूनच एकदा वाचून न्यावी.